बीजकोटात आलेल्या बहात्तर भट्टीवाल्यांची व दोन सुतारांची बखर

॥ उदरस्थ देवी सर्वांस सांभाळो ॥

वाचणारांस दंडवत. हे वर्तमान लिहून पाठवावे असा कोणा साहेबांचा हुकूम जाहला नाही, कोणी पुसिलेही नाही. परंतु राव असो वा रंक, आपण सर्व ज्या वाटेने या जगी आलो त्या वाटेवर कोण कोण कामास आले याचा कागद कोठे नाही, म्हणोन हा लिहिला. कोटशके एकतीस, मासाचा चवदावा दिवस, दोन प्रहरचा सुमार. कोटशक म्हणजे काय ऐसे कोणी पुसेल, तर बीजकोट हा एका बाईमाणसाच्या पोटातला कोट, आणि तो बांधिला ते समयी ती बाई स्वतःच आपल्या आईच्या पोटात होती, आणि तेव्हापासोन एकतीस वर्षे कोट दारे लावून बसला, तेथून ही गणती. विस्तार पाहाता मोहरीच्या एका दाण्यावर ओळीने दहा कोट बसावे एवढाच. परंतु आसपासच्या मुलखात त्याहून थोर राज्य नव्हते. कोटाच्या धनीण आईसाहेब. त्यांजपाशी धान्याची कोठारे होती, आणि आगाऊ लिहून ठेविलेले हुकूम होते, आणि वंशाचे दफ्तर होते, त्यातील निम्मे बाहेर टाकून तेवीस गाठोडी ठेवावयाची, ऐसे ठरोनही ते काम अर्ध्यावर थांबविले होते, की दुसरे निम्मे घेऊन येणारा पाहुणा दारी आल्यावाचून टाकू नये. आणि सर्वांहून मोठी दौलत म्हणजे शेगड्या. लाख सव्वालाख शेगड्या होत्या, आणि दर शेगडीपाशी एक बाई, आणि तिचे मांडीवर सदतीस कलमांची एक लहानशी पोथी, जी आईकडून लेकीस व लेकीकडून नातीस येत असे, आणि तीवरून शेगडी कशी राखावी हे कळे. या सर्वांवर म्हाळसाऊ म्हणोन एक वयस्क बाई नेमिली होती. तिची शिस्त अशी की निखारे राखेखाली ठेवावे, जाळ करू नये. किंनिमित्त, तर जाळाची काजळी उडते, आणि काजळी पोथीवर बसली की अक्षर खाते. कोणी पोरीने चुकून फुंकर घातली तर म्हाळसाऊ तिजजवळ जाऊन विचारी, "कुणाचं लग्न काढलंस गं?" आणि पोर राख सारून गप्प बसे. ऐसी एकतीस वर्षे त्या बायांनी आग न वापरता राखिली. वापरून राखणे सोपे, न वापरता राखणे कठीण, हे ज्याने घर केले त्यास सांगणे नलगे.

कोटात एक गोष्ट मात्र नव्हती. कोट बांधून होताच आईसाहेबांनी आपले पदरचे सुतार काढून टाकिले होते, आणि ते कोठे गेले हे कोणी पुसिले नाही. कारण सांगतात की सुतार घरात राहिला की त्याचे हात स्वस्थ राहात नाहीत. पाहुणा येण्याआधीच तो दोर ताणून भिंती घालू लागतो, आणि निम्म्या दफ्तरावर घातलेले घर उभे राहात नाही. बीजकोटाचे राज्य वाढते ते खण पाडून. एका खणाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. आणि खण पाडावयास आधी दोर ताणावे लागतात. पाहुणा आल्यावर खण न पडिला तर कोट एक-दोन दिवसांत नासतो. सबब बाहेरून येईल त्याच्या सुतारावर सर्व राज्याची भिस्त होती. हे आईसाहेबांस ठाऊक होते, म्हाळसाऊस ठाऊक होते, आणि सुतारांस मात्र ठाऊक नव्हते.

आता दुसरे मुलखीचे वर्तमान. तेथे गलबतांचा कारखाना होता, आणि एक गलबत बांधावयास दोन मासांवर काही दिवस लागत, आणि रोज कोटींनी गलबते बांधीत, म्हणोन एकाचीही कोणास किंमत नव्हती. गलबत हलके असावे म्हणोन आतले धान्य टाकिले, अंथरूण टाकिले, पाणी टाकिले. नाकाशी एक पेटी, तीत तेवीस गाठोडी दफ्तर ऐसे आवळून बांधिले की बोट शिरू नये. पेटीमागे गळ्याच्या चिंचोळ्या जागी दोघे सुतार. त्यामागे वल्ह्याच्या बुडाशी वळसे घालून बहात्तर भट्टीवाले, एकास एक लागोन. आणि त्यामागे एकच लांब वल्हे, ते त्यांच्याच आगीने हले. ज्या गलबताचे हे वर्तमान, त्याचा भट्टीवाल्यांवर तांडेल सुभानजी म्हणोन होता. धिप्पाड, तोंडाळ, हसतमुख, आणि माणसे त्याजवर जीव टाकीत. सुतारांत थोरला गोंदजी, त्याचे हाती नऊ काड्यांची फिरकी, तीवरोनच सर्व दोर सुटावयाचे. धाकटा भिवजी. त्यास गळ्याच्या जागी बसवावयासाठी कारखान्यात त्याचे पाय दुमडिले, ते दुमडलेच राहिले, आणि त्याची फिरकीही चेपून वाकडी जाहली, आणि तेव्हापासोन सर्व त्यास ओझे म्हणत.

गलबते सोडण्याआधी त्या मुलखात एक रीत होती. छापेकरी येऊन दर भट्टीवाल्याचे पाठीवर तांबडा ठसा उमटवी, आणि त्यावर मेणकापड घट्ट बांधी, आणि सांगे की ही मानाची खूण, कोटात पोचल्यावर उघडावी, वाटेत उघडो नये. सुभानजीने त्यास पुसिले की काय लिहिले आहे. छापेकरी बोलिला, "मला वाचता येत नाही. उलटा उमटला नाही म्हणजे माझं काम झालं." मग त्याने बहात्तर पाठी छापिल्या आणि पुढील गलबताकडे वळला. गोंदजी पाठ पुढे करून उभाच होता. त्याने विचारिले की आमच्या पाठी का राहिल्या. छापेकऱ्याने उत्तर दिले की यादीत सुतार नाहीत. हे गोंदजीस बहुत लागले. पंधरा दिवस गलबत बंदरात होते तितके दिवस तो कोणाशी नीट बोलिला नाही. म्हणे, दफ्तर आमचे मागे, दोर आमचे हाती, आणि मान कोळसे फुंकणारांस. भट्टीवाल्यांसही चेव आला, ते येता जाता पाठ फिरवून दाखवीत. सुभानजी म्हणे, "रुसू नका, सुतार. कोटात पोचलो की माझी पाठ उघडीन, ती डोळे भरून बघा, तेवढाच तुमचा मान." आणि सर्व हसत. परंतु भिवजी एके दिवशी तोंड फिरवून बसला, त्याचे डोळे ओले दिसले, तेव्हा सुभानजीने हसणे टाकिले, आणि आपले मेणकापडाचा एक कोपरा दातांनी फाडून त्याचे वाकड्या फिरकीस बांधिला, आणि सांगितले, "घे, आता तूही आमच्यातला." भिवजीने तो तुकडा पुढे कधी सोडिला नाही.

मग वीस कोटी गलबते एके समयी सुटली. आधी आंबट खाडी लागली, तीत निम्म्याहून अधिक जागीच वितळली. जी निघाली त्यांजवर पांढरे पहारेकरी पडिले, ते गलबत सबंध गिळीत, आणि आतील माणसांचा आवाज गिळल्यावरही काही काळ येत असे. पुढे दोन फाटे लागले. त्या मासी एकाच फाट्यास कोट होता, दुसरा ओस; निम्म्या गलबतांनी ओस फाटा धरिला आणि कोणी परत सांगावयास आले नाही. ऐसे होता होता वीस कोटींची दोनशे राहिली. सुभानजीचे गलबत त्यांत होते, ते कोणाचे शहाणपणाने नव्हे. त्याचे लोक आग देत राहिले आणि वाट सापडत गेली, एवढेच. आग देता देता त्यांचे केस जळाले, कातडी काळी पडली, आणि काजळी पोथ्यांवर बसली, कारण त्यांजपाशीही तशीच सदतीस कलमांची पोथी होती. पुसावयास उसंत नव्हती. कोणी थकला की सुभानजी म्हणे की आता कोट आला, तेथे आईसाहेब ऊन पाणी देतील, पाठ चोळतील, आणि ठसा पाहोन दर असामीस एक शेगडी नेमून देतील. शेगडीचे बोलणे कोणी त्यास सांगितले नव्हते. तो आपले मनचे सांगे, आणि सांगता सांगता त्यासही खरे वाटू लागिले.

कोट दिसला. काचेसारखा तट, आणि भोवती गलबते नाक लावून कोरीत होती. सुभानजीचे गलबत तटातून पार जाहले आणि आईसाहेबांनी आतून हात देऊन त्यास वोढून घेतिले. आत येताच कोटात आरोळी गेली, आणि तटाची काच क्षणात दगड जाहली, आणि मागून येणारे जेथले तेथे अडकले. बाहेरून ठोकण्याचा आवाज येत राहिला. भट्टीवाले आधी आनंदले, मग तो आवाज ओळखीचा वाटू लागला, कारण एकाच कारखान्यातली माणसे. मग कोणी तिकडे कान देईना. काही काळाने आवाज आपोआप थांबला. आईसाहेबांनीही ते समयी आपले अर्ध्यावर राहिलेले काम पुरे केले. निम्मे दफ्तर एका लहान डबीत घालून तटाबाहेर सोडिले. ते टाकिताना त्यांनी मागे पाहिले नाही, म्हाळसाऊने मात्र पाहिले.

मग पाहुण्यांस स्नान घालावे असा हुकूम जाहला. हे कोटाचे पाणी मोठे गुणी. पेटीतील आवळून बांधिलेली गाठोडी त्या पाण्यात सैल जाहली, गाठी सुटल्या, आणि तेवीसही गाठोडी मोकळी होवोन श्वास घेऊ लागली. आणि त्याच पाण्यात बहात्तर पाठींवरील मेण वितळले, आणि मेणकापडे गळोन पडली. भट्टीवाल्यांनी न सांगता रांग धरिली, आणि काळवंडल्या पाठी कोटाकडे करून ताठ उभे राहिले. सुभानजी सर्वांपुढे. गोंदजी एका बाजूस बसोन पाहात होता, की बघू तरी काय मान आहे. कोटाचे कारभारी विसाजीपंत म्हणोन होते, ते चष्मा सावरीत आले आणि पहिली पाठ वाचिली. मग दुसरी वाचिली. मग तिसरी न वाचिता उभे राहिले. शेगड्यांवरील बायांनी माना वळवून पाहिले, आणि एकीने पदर तोंडाशी नेला. कारण तो ठसा त्या कोटात पोरासोरासही ठाऊक होता. मोडके भांडे, फुटका पाट, कुजले लाकूड, जे जे निकामी त्यावर तोच ठसा मारीत आणि जात्यात घालीत. ठशाचे अक्षर एकच, की "दळावे".

सुभानजीने पाठ न वळविता विचारिले, "पंत, वाचता ना?" विसाजीपंतांनी वाचिले. बहात्तरांपैकी एकाने आपले शेजाऱ्याची पाठ पाहिली, की याचीही तीच आहे की काय, मग शेजाऱ्याने याची पाहिली. आणि ऐसे करीत सर्वांनी सर्वांच्या पाठी पाहिल्या. सुभानजी बोलिला, "हे तुम्ही लिहिलंत का?" पंत बोलिले, "नाही, तांडेल. ही तुमच्याच घरची शाई आहे." तेव्हा सुभानजी खाली बसला. गोंदजी सुताराने पंधरा दिवस ज्या पाठीचा हेवा केला ती पाठ त्याने पाहिली, आणि मग भिंतीकडे तोंड केले.

जात्यांवर बाया होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. दळणे हे त्यांचे काम, आणि दळिल्याचे पीठ राज्याचेच पोटी जाते. त्या कोणाचे तोंड पाहात नाहीत, पाठ पाहातात. त्या उठोन पहिल्या असामीस हाताला धरोन घेऊन गेल्या, आणि तो गेला, कारण त्यास वाटले की काही तजवीज होईल. मग सुभानजी म्हाळसाऊकडे आला आणि म्हणाला की बाई, आम्हांस लाखात बहात्तर, आता एकाहत्तर, एवढीच जागा हवी. दर शेगडीस एकेक फुंकर देऊ, राखेत निजू, खाणार काही नाही. म्हाळसाऊने त्यास पोथी मागितली. त्याने मांडीखालून काढून दिली. तिने पदराने काजळी पुसिली तो खालचे अक्षरही पुसोन आले. कोठे कलम राहिले होते, कोठे भोक. म्हाळसाऊ म्हणाली, "ही पोथी माझ्या पोरींत मिसळली, तर उद्या निम्म्या शेगड्या धूर करतील. मी एकतीस वर्षं फुंकर आवरून बसले ती कशासाठी?" परंतु तिने पोथी परत देण्याआधी उजेडाकडे धरिली आणि जे अक्षर शिल्लक होते ते पाहिले, आणि विचारिले की हे वळण बाईमाणसाचे दिसते. सुभानजी म्हणाला, "बाईचंच. आमच्या धन्याच्या आईच्या शेगड्या, त्यांच्यातले आम्ही. बापाकडून कुणाला शेगडी मिळालीय?" म्हाळसाऊने पोथी आपले पदरात घेतली आणि आईसाहेबांकडे गेली.

आईसाहेबांपुढे तिने काय रदबदली केली ते सबंध कोणास ठाऊक नाही. इतके कळते की तिने एका शेगडीची जागा मागितली, एका असामीपुरती. आईसाहेब बोलिल्या, "ठसा माझ्या दारी मारला असता तर मी पुसला असता. माहेरून निघतानाच मारून दिला त्याला मी काय करू?" या रितीचे कारण पंडित तीन सांगतात. कोणी म्हणतो काजळल्या पोथ्या नकोत. कोणी म्हणतो एके घरी दोन आईंच्या शेगड्या नांदत नाहीत. कोणी म्हणतो की रीत आहे म्हणोन आहे. बहुतकरून सर्व आईचे दूध पिणाऱ्या मुलखांत हीच रीत. उंदरांचे राज्यात तर सुतारांसही ठेवीत नाहीत, तेथे कोट आपले सुतार मागाहून आपणच घडवितो, ऐसे लिहिलेले आढळते. एखादे राज्यात एखादा भट्टीवाला वाचला अशी आवई उठते. तपास करिता पंडितांचे एकमत होत नाही.

म्हाळसाऊ रित्या हाती परत आली, ते गोंदजीने पाहिले, आणि त्याने फिरकी जमिनीवर ठेविली व तीवर बसला. विसाजीपंत आले की दोर ताणावे, दोन्ही दफ्तरे एकमेकांपासोन दूर पडिली आहेत, ती वोढून एके ठिकाणी आणल्यावाचून खण पाडिता येत नाही. गोंदजी म्हणाला, "ज्यांनी आणलं त्यांना दळता आणि मला दोर ताण म्हणता. आधी जाती थांबवा." पंत म्हणाले की जाती कोणाचे ऐकत नाहीत. गोंदजी म्हणाला की मग मीही ऐकत नाही. पंतांनी आर्जव केले, धाक घातला, मग आईसाहेबांचे नाव घेतिले, हा उठेना. एक प्रहर गेला. दफ्तरे दोन बाजूंस पडोन राहिली. दोन प्रहर गेले. कोठारातील धान्यास वास येऊ लागला, तट आतून मऊ पडू लागला, आणि ज्या शेगड्या एकतीस वर्षे विझल्या नव्हत्या त्यांतील दहावीस एकाएकी थंड जाहल्या, आणि त्या बाया राखेत बोटे घालून बसोन राहिल्या. जाती मात्र चालूच होती. बहात्तरांतील पंचेचाळीस उरले.

तेव्हा सुभानजी उठोन गोंदजीकडे आला. गोंदजीने त्यास जागा दिली. सुभानजी त्याचे जवळ बसला. मग सुभानजी बोलिला की तू माझ्यासाठी बसला आहेस हे मला ठाऊक आहे, आणि हे बसणे मी जन्मभर विसरणार नाही, जन्म तो आता थोडाच आहे. गोंदजीने मान हलविली. सुभानजी म्हणाला, "पण तू बसलास म्हणून मी वाचतोय का?" गोंदजी म्हणाला, "नाही." "मग कोण वाचतंय?" गोंदजी फिरकीवर अधिकच रेलला. सुभानजी म्हणाला, "बाहेर ठोकत होते ते ऐकलंस ना. निघाले होते वीस कोटी. ते मेले, आम्ही मरतोय, आता ह्या बायाही मरतील, आणि तू फिरकीवर बसून राहशील. ह्यासाठी मी त्या पोरांची कातडी जाळली होय?" गोंदजी म्हणाला की माझे हात उठत नाहीत. सुभानजीने त्यास अधिक भीड घातली नाही. तो भिवजीकडे वळला. भिवजी कोपऱ्यात दुमडल्या पायांवर बसला होता, आणि मेणकापडाचा तुकडा त्याचे फिरकीस तसाच होता. सुभानजी म्हणाला, "भिवा, तू आमच्यातला ना? मग ऊठ. तू उठलास की तो उठेल." भिवजी म्हणाला की मला कोणी काम शिकविले नाही, मी ओझे. सुभानजी म्हणाला, "ओढून तर बघ." भिवजीने वाकडी फिरकी जमिनीस टेकविली आणि दोर सोडिला. सर्वांस नवल जाहले की दोर सुटला. वाकडा सुटला, परंतु ताण धरिला. तो एकटा वोढू लागला, आणि एका बाजूने वोढलेले दफ्तर तिरपे फिरू लागले, आणि फाटावयाची वेळ आली. ते गोंदजीस पाहावेना. त्याने फिरकीवरोन उठोन ती हाती घेतली आणि शिवी दिली, ती कोणास दिली हे कळले नाही, आणि दुसरी बाजू धरिली.

मग दोर ताऱ्यासारखे चहूंकडे पसरले, आणि दोन्ही दफ्तरे हळू हळू सरकत कोटाचे मध्यभागी आली, आणि तेवीस व तेवीस एके ठिकाणी मांडिली गेली. विसाजीपंतांनी आपले समोर याद लिहिली. मग एका खणाचे दोन खण जाहले. भट्टीवाले दोहोंत वाटले गेले, आणि जातीही दोहोंत गेली. पंचेचाळिसांचे वीस राहिले. दोहोंचे चार खण जाहले, तेव्हा सात. जाणारा जाताना उरल्यांस काही सांगे, बहुधा लहानसेच, की माझी पोथी पुसून ठेवा, की अमक्याने वाटेत माझी पाळी धरिली होती ती फेडावयाची राहिली. चारांचे आठ खण होण्याचे सुमारास एकटा सुभानजी राहिला. तांडेल शेवटी जातो हा त्यांचा नेम, तो त्याने जात्यावरच्या बायांस सांगोन पाळिला, आणि त्यांनीही पाठ वाचिली असोन तेवढे ऐकिले, ही एकच मेहेरबानी त्या कोटात नोंदली आहे.

म्हाळसाऊ त्याचेपाशी येऊन बसली. तिने त्याची पोथी पदरातून काढिली, आणि वाचिली, जितकी वाचिता आली तितकी, मोठ्याने. सुभानजी ऐकत होता. मग त्याने विचारिले की दफ्तर मांडिले त्यात काय निघाले, मुलगा की मुलगी. म्हाळसाऊने विसाजीपंतांस विचारिले, आणि पंत बोलिले की तांडेलांनी आणिलेल्या गाठोड्यांत मुलाचे गाठोडे होते, सबब मुलगा. म्हाळसाऊचे तोंड उजळले. ती म्हणाली की मुलगा तर मुलगा, शेगड्या माझ्याच तेवतील त्याचे अंगी, हाडात मांसात सर्वत्र. सुभानजीने आपले जळले हात पाहिले. मग तो बोलिला, "बाई, मुलगा मोठा होईल, त्याच्याकडे गलबतांचा कारखाना निघेल. त्यांच्या भट्ट्यांवर कोण बसेल?" म्हाळसाऊने आपल्या शेगड्यांकडे पाहिले. लाख शेगड्यांवर तिच्या लेकी, त्यांच्या नाती, त्या नातींचे वंशज वल्ह्याच्या बुडाशी वळसे घालून बसतील, आणि छापेकरी येईल. तिने आपला हात त्याचे पाठीवर ठेविला, ठशावरच ठेविला, आणि बोलिली, "मी त्यांना सांगून ठेवीन. पोथीत लिहून ठेवीन, की ते मेण उघडू नका, ते पाणी घेऊ नका." सुभानजी म्हणाला, "नका लिहू." ती म्हणाली, "का?" तो म्हणाला, "आम्हांला ठाऊक असतं तर एकानंही फुंकर घातली नसती. आणि हे पोर झालं नसतं."

म्हाळसाऊने पोथीत लिहिले नाही. सदतीस कलमे होती तितकीच ठेविली. जात्यावरच्या बाया आल्या, तेव्हा सुभानजी आपण होवोन उठला, आणि जाताना दोर ताणीत बसलेल्या सुतारांस त्याने पाठ दाखविली व म्हणाला की बघून घ्या. भिवजीने पाहिले. गोंदजीनेही या वेळी पाहिले. जे पीठ जाहले ते आठही खणांत वाटले गेले, आणि शेगड्यांस चिमूट चिमूट आले, आणि त्या दिवशी म्हाळसाऊने फुंकर घालणाऱ्या पोरीस काही म्हटले नाही.

तात्पर्य इतकेच. वीस कोटींत एक पोचले. बहात्तरांत एकही न राहिला, आणि त्यांची नावे सुभानजीवेगळी कोणास ठाऊक नाहीत. दोघे सुतार राहिले. आज प्रत्येक खणात फिरकी आहे ती त्यांचे वंशाची, आणि त्यांत एक वाकडी होती हे पंडितांस आता आता कळू लागिले आहे. मेणकापडाचा तुकडा पुढे किती खणांपर्यंत गेला ते ठाऊक नाही. अंगास जी ऊब लागते ती सर्व आईकडील. पुढे मुलगा जन्मला, वाढला, आणि चवदावे वर्षी त्याजकडे गलबते बांधिली जाऊ लागली, आणि भट्टीवाल्यांचे पाठीवर तांबडा ठसा उमटवून वरून मेणकापड बांधिले, आणि सांगितले की ही मानाची खूण. भट्टीवाले हर्षले. सुतार रुसून बसले, की आम्हांस का नाही.